मधल्या मारुतीजवळचं जुन्या नोटांचं दुकान आणि तिथं घेतलेलं चामड्याचं पाकीट

सोलापुरात जुन्या नोटा, नाणी, पाकिटं असलं काही बघायचं म्हणलं की लोक डायरेक्ट पुण्या-मुंबईचं नाव घेतात, ते मला अजिबात पटत नाही म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मधल्या मारुतीपासून सराफांच्या दुकानांच्या मागं एक बोळ जातो, त्यात एक दहा बाय बाराचं दुकान आहे. पाटी नाही त्यामुळं नावही लिहीत नाही, पण बाहेर पितळी समया, बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं आणि एक मोठा तांब्याचा बंब ठेवलेला असतो, कुणालाही विचारा दाखवतील. मी तिथून एक जुनं चामड्याचं पाकीट आणि काही जुन्या कागदी नोटा घेतल्या. पाकिटाला मी पाचपैकी साडेचार देईन, नोटांना चार, आणि माल ठेवायच्या पद्धतीला दोनच, कारण त्यात खरंच सुधारणा पाहिजे आणि ते मी मालकांना तोंडावर पण सांगितलंय.

आधी चांगलं सांगते. जुन्या वस्तूंच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे विकणारा माणूस दोष आधी सांगतो का नंतर. इथले मामा, म्हणजे दुकानाचे मालक, नोट हातात द्यायच्या आधीच सांगतात. "ताई, ह्याला दोन पिनहोल हायेत, आणि वरचा कोपरा दुमडून परत सरळ केलाय, उजेडात धरून बघा मग पैशाचं बोलू." टेबलावर पांढरं कापड असतं, वाकणारा लॅम्प असतो, भिंग मागितलं तर भिंग देतात, आणि तुम्ही अर्धा तास एकच नोट उलटीपालटी करत बसलात तरी मागनं घाई करत नाहीत. मी ऑनलाइन पण नोटा घेतलेल्या आहेत, तिथं फोटो असा काढतात की मधली घडी दिसतच नाही, आणि घरी आल्यावर बघावं तर घडीवर कागद फाटायला आलेला असतो. त्यामुळं समोर बसून, हातात घेऊन, उजेडाला धरून घेण्यात जे समाधान आहे ते दुसऱ्या कशातच नाही, नोटेच्या बाबतीत तर नाहीच.

आता पाकीट. मामा त्याला अँटिक म्हणत होते, सगळेच दुकानदार सगळ्यालाच अँटिक म्हणतात, पण आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं बघितलं तर साधारण शंभर वर्षं पुरी झालेल्या वस्तूलाच तसं म्हणता येतं, आणि हे पाकीट माझ्या अंदाजानं १९३० ते ४५ च्या मधलं असावं, म्हणजे जुनं आहे, मस्त आहे, पण अँटिक म्हणून त्याचे जादा पैसे द्यायचं कारण नाही. हे मी मामांना सांगितलं तर त्यांनी वाद घातला नाही, उलट किंमत थोडी खाली आणली.

अंदाज कशावरनं? सगळ्यात आधी खणाच्या खोलीवरनं. हे पाकीट उभं धरलं की आतला मोठा खण चांगला चार इंच खोल आहे. आजची शंभरची जांभळी नोट ६६ मिलिमीटर उंचीची आहे, ती त्यात टाकली की पार बुडून जाते, वरनं दिसत सुद्धा नाही. त्याच्या आधीची गांधी सीरीजची शंभरची ७३ मिलिमीटरची होती, ती पण बुडते. एवढा खोल खण कोण कशाला शिवेल? कारण इंग्रज राजाच्या काळातल्या मोठ्या नोटा, खास करून शंभरची, आत्ताच्या नोटेपेक्षा कितीतरी उंच होत्या, त्या घडी न घालता बसाव्यात म्हणून शिवलेला खण आहे हा. नुसता हा एक खण बघून मला पाकीट घ्यावंसं वाटलं, खरं सांगते. पाकिटावर तारीख नसते, कंपनीचा शिक्का पण ह्याच्यावरनं पुसून गेलाय, सोनेरी अक्षरांची नुसती एक रेघ उरलीये, पण त्या काळी खिशात काय मापाचा पैसा होता ते त्या खणावरनं कळतं.

दुसरी खूण शिलाई. हातशिलाईचे टाके थोडे तिरके आणि कमीजास्त असतात, मशीनचे एकसारखे. ह्याची बाहेरची शिलाई मशीनची आहे पण चिल्लर ठेवायच्या खणाच्या झाकणाला हातानं घातलेले टाके आहेत, बहुतेक नंतर कुठल्यातरी चांभाराकडनं दुरुस्त करून घेतलेलं असणार, आणि मला तो दुरुस्तीचा भाग सगळ्यात जास्त आवडला कारण दोरा जाड आहे, मेण लावलेला आहे आणि आजही एक टाका सुटलेला नाही. चिल्लरच्या खणाला पितळी प्रेस बटण आहे. असलं बटण १८८५ ला जर्मनीत पेटंट झालं, म्हणजे कुणी तुम्हाला प्रेस बटणाचं पाकीट दाखवून १८५७ च्या काळातलं आहे म्हणाला तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा. तसंच फोटो किंवा कार्डासाठी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेलं पाकीट पण फार जुनं नसतं.

तिसरी खूण चामड्याची कड. जिथं कड घासून उघडी पडलीये तिथं भिंगातनं बघायचं. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, आणि क्रोमनं कमावलेलं असेल तर मधे निळसर करडी रेघ दिसते. आपल्या भागात बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायची जुनी पद्धत आहे, कोल्हापुरी चपलेचं चामडं तसंच असतं. हे पाकीट सालीनं कमावलेल्या चामड्याचं आहे, आतपर्यंत तपकिरी, हे नक्की. देशी का विलायती ते मी सांगणार नाही, मामांनी पण सांगितलं नाही, ते म्हणले एका पाडलेल्या वाड्यातल्या सामानात आलं, बस. मला असं उत्तर जास्त चालतं. "हे अमक्या सरदाराचं पाकीट" असली गोष्ट जोडून किंमत तिप्पट करणारे लई बघितलेत.

आजकाल बाजारात नवीनच चामडं घासून, डाग पाडून "व्हिंटेज लुक" म्हणून विकतात, त्यातनं खरं जुनं ओळखायचं असेल तर झीज कुठं झालीये ते बघा. खरं पाकीट घडीवर झिजतं, अंगठा जिथं लागतो तिथं काळं गुळगुळीत होतं, आणि खिशात आतल्या बाजूला असलेला भाग त्या मानानं चांगला राहतो. नकली जुनेपणा सगळीकडं सारखा असतो, जिथं हात लागायचं काही कारणच नाही तिथं पण.

तक्रार आता. मामांकडच्या चामड्याच्या सगळ्या वस्तूंना बूटपॉलिश मारलेलं होतं. माझ्या पाकिटाला पण. दुकानात चकाकतं, गिऱ्हाईकाला बरं वाटतं, पण त्यानं जुना मूळ रंग झाकला जातो आणि पॉलिशचा रंग आत ठेवलेल्या कागदाला लागतो तो वेगळाच. काही जण खोबरेल तेल चोळतात, ते पण नको, चामडं काळं पडतं, चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. आपल्या सोलापूरच्या हवेचा प्रश्न कोकणापेक्षा एकदम उलटा आहे, तिथं चामड्याला बुरशी येते आणि इथं उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला चामडं नुसतं वाळून घडीवर तडकतं. जुनी सालीची चामडी अजून एका रोगानं जातात, वरचा थर लालसर भुकटी होऊन बोटाला लागतो. एकदा ते सुरू झालं की तेल, पॉलिश कशानंही मागं फिरत नाही, उलट वाढतं, त्यामुळं घेताना पांढऱ्या रुमालानं आतली बाजू हलकीच पुसून बघा, लाल पावडर आली तर कितीही सुंदर असलं तरी सोडून द्या. माझ्या पाकिटाला ती नव्हती. पॉलिश मात्र कोरड्या मऊ फडक्यानं हळूहळू जेवढं निघालं तेवढं काढलं, पाणी अजिबात लावलं नाही, आणि पितळी बटणावरचा हिरवा गंज कापसाच्या काडीनं, चामड्याला न लागता.

दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. मामा पाकीट आणि नोटांचा सेट करून विकतात. म्हणजे जुनं पाकीट, त्यात पंचम जॉर्ज किंवा सहावा जॉर्ज असलेल्या दोन-चार नोटा घालून शोकेसमधे उघडं ठेवलेलं, दिसायला एवढं भारी दिसतं की कुणालाही मोह होईल. पण चामड्यात आम्ल असतं, जुन्यात तर जास्तच, आणि नोटेचा कागद त्याला चिकटून वर्षभर राहिला की जिथं टेकला असेल तिथं तपकिरी डाग पडतो, आणि पितळी बटण टेकत असेल तर तिथं हिरवा. हे डाग जात नाहीत. एक दहाची नोट मला फार आवडली होती पण तिच्यावर नेमका बटणाचा गोल उमटलेला, एवढं वाईट वाटलं. मी मामांना म्हणलं की मामा दाखवायचंच असेल तर पाकिटात नोटेची रंगीत झेरॉक्स ठेवा, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात नमुना असं लिहा, खरी नोट वेगळी ठेवा. ते हसले, बघू म्हणले. मी माझं पाकीट आणि नोटा वेगळ्या पॅक करून घेतल्या आणि बिल पण वेगवेगळं करून घेतलं, तुम्ही पण तसंच करा, कारण सेटच्या किमतीत कुठल्या गोष्टीला किती पैसे दिले तेच कळत नाही.

नोटांवर येते. रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली पण बँकेची स्वतःची पहिली नोट आली जानेवारी १९३८ ला, पाच रुपयाची, सहाव्या जॉर्जचं चित्र आणि तेव्हाचे गव्हर्नर टेलर साहेबांची सही. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ, त्यांची सही एकाही नोटेवर नाही. मामांकडं सहाव्या जॉर्जच्या बऱ्याच नोटा होत्या आणि त्यातली मला हवी होती ती सी. डी. देशमुखांच्या सहीची. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते ४९, आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, आणि पुढं १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडलं तेच. राजा इंग्लंडचा आणि खाली सही मराठी माणसाची, ही नोट मराठी घरात असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मला दहाची मिळाली, मधे एक उभी घडी, डाव्या बाजूला दोन स्टेपल होल, बाकी रंग एकदम ताजा. बावीसशे रुपये दिले. ह्यापेक्षा फाटकी असती तर हजारात पण मिळाली असती, आणि एकदम कोरी असती तर माझ्या बजेटच्या बाहेर गेली असती.

इथं एक बघायची गंमत आहे. काही नोटांवर राजा बाजूला बघतोय आणि काहींवर समोर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या नोटांची इतकी चांगली नक्कल केली की वॉटरमार्कमधला बाजूचा चेहरा बदलून समोरचा करावा लागला आणि आपल्याकडच्या नोटेत सुरक्षा धागा पण त्याच काळात पहिल्यांदा आला. लॅम्पसमोर धरून हे दोन्ही प्रकार एकाशेजारी एक बघायला मिळाले तर नक्की बघा, मामा दाखवतात, घेतलंच पाहिजे असं काही नाही.

पण मला सगळ्यात जास्त ज्यासाठी हे दुकान आवडतं ते म्हणजे निजामाच्या नोटा. पुण्याच्या डीलरकडं पण असतात, पण सोलापुरात त्यांना वेगळाच अर्थ आहे. इकडं सोलापूर इंग्रजांचं आणि तिकडं तुळजापूर, नळदुर्ग निजामाचं, हद्द ओलांडली की पैसाच बदलायचा. माझी आजी हाली सिक्का (निजामाचा रुपया), कलदार (इंग्रजांचा रुपया) असे शब्द सहज वापरायची, तुळजापूरला जायचं तर आधी पैसे बदलून घ्यायचे असं सांगायची. हैदराबाद संस्थानानं १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या, त्यावर तारीख फसली सनात असते, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १३३१ फसली दिसलं की १९२१ च्या आसपास समजायचं. आणि ह्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमधे पण रक्कम लिहिलेली असते. सोलापूरच्या बाजारात आजही ह्या चारी भाषा ऐकू येतात, त्यामुळं ती नोट हातात घेतली की आपल्याच गावची वाटते, मग ती कुठं का छापलेली असेना.

अजून एक. ह्या हैदराबादी नोटांवर सही करणाऱ्यांत गुलाम मुहम्मद आहेत, जे नंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले, आणि झाहिद हुसेन आहेत, जे पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. आणि विलीनीकरणानंतरच्या सह्यांत हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री डॉ. मेलकोटे. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शनला भारतीय फौज सोलापूरकडनंच नळदुर्गच्या दिशेनं आत शिरली, पण पैसा काही एका दिवसात बदलला नाही, १९५० ला सात हैदराबादी रुपयाला सहा भारतीय रुपये असा दर ठरला आणि ते चलन पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं. म्हणजे दहा-अकरा वर्षं लोकांच्या खिशात दोन्ही होतं. मी घेतलेल्या पाकिटाला आत दोन मोठे खण आहेत, मधे चामड्याचाच पडदा. एकात कलदार आणि एकात हाली ठेवत असतील का, हे मला सिद्ध करता येणार नाही, पण हद्दीवरच्या गावातल्या व्यापाऱ्याला असंच पाकीट सोयीचं पडलं असतं एवढं नक्की. निजामाची एक रुपयाची नोट मला सोळाशेला मिळाली, घड्या भरपूर आहेत, एका कोपऱ्याला कसर लागलीये, पण सही आणि सगळ्या लिपी स्वच्छ वाचता येतात, आणि मला वाचता येणारी नोट कोऱ्या नोटेपेक्षा चालते.

ज्यांना कमी पैशात सुरू करायचंय त्यांनी एक रुपयाच्या नोटांपासून करावं, ह्या दुकानात त्यांचा डबाच भरलेला आहे. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, सही गव्हर्नरची नाही तर वित्त सचिवाची असते, आणि "मैं धारक को" ते वचन पण तिच्यावर नसतं. पहिल्यांदा ती आली ३० नोव्हेंबर १९१७ ला, महायुद्धामुळं चांदी कमी पडली म्हणून, आणि सुरुवातीला पंचवीस नोटांची पुस्तिका मिळायची. त्याच सुमाराला अडीच रुपयाची पण नोट निघाली, दोन रुपये आठ आणे, ती एवढी कमी दिसते की कुणी स्वस्तात देतो म्हणला तर आधी शंका घ्या. १९४० ला युद्धामुळंच एक रुपयाची नोट परत आली. स्वतंत्र भारताची पहिली नोट पण एक रुपयाचीच, १९४९ ची, राजाच्या जागी अशोकस्तंभ, सही के. आर. के. मेनन. मला ती चारशेला मिळाली. पुढं १९९४ ला छपाई बंद झाली आणि २०१५ ला परत सुरू. ह्या एका रुपयात सह्या बदलत बदलत सगळा संग्रह करता येतो, आणि मामा सुट्टी नोट पन्नास-शंभरला पण देतात. कॉलेजच्या पोरांनी तरी हेच करावं. सह्यांचा नाद लागला की मग गव्हर्नर पण शोधाल, बी. एन. अडारकर १९७० ला जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते पण गांधी शताब्दीच्या, सेवाग्रामला बसलेल्या बापूंच्या चित्राच्या नोटांवर त्यांची सही आहे, मी अजून शोधतेय, मामांना सांगून ठेवलंय.

कंडिशनबद्दल थोडं, कारण सगळी किंमत त्यावरच आहे, वयावर नाही. लोकांना वाटतं जेवढी जुनी तेवढी महाग, तसं नाही ओ. सत्तरच्या दशकातली कोरी नोट चाळीसच्या दशकातल्या चिंधीपेक्षा महाग असू शकते. कोरी नोट हलवली की कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज येतो, तो आवाज ओळखायला शिका. पूर्वी बँका गड्डीला स्टेपल मारायच्या त्यामुळं त्या काळातल्या न वापरलेल्या नोटेला पण डाव्या बाजूला भोकं असतात, ते संग्राहक चालवून घेतात, पण मधे पडलेलं पिनहोल चालत नाही. आणि धुतलेल्या, इस्त्री केलेल्या नोटांपासून सावध राहा. नोट तिरकी धरून लॅम्पच्या उजेडात बघा, छपाईचा उठाव बोटाला लागला पाहिजे, धुतलेल्या नोटेचा उठाव बसतो, कागद मऊ आणि जास्तच पांढरा दिसतो, आणि घडीची रेघ इस्त्रीनं गेलेली वाटली तरी मागनं उजेड सोडला की दिसतेच. मी मामांच्या डब्यातली एक नोट अशी काढली, त्यांनी लगेच ती बाजूला ठेवली आणि तिच्या कव्हरवर पेन्सिलनं "प्रेस", म्हणजे इस्त्री केलेली, असं लिहून टाकलं. मला ते फार आवडलं. पन्नासच्या जुन्या नोटेत संसदेवर झेंडा नसलेली आणि असलेली असे दोन प्रकार आहेत, ते पण त्यांनी वेगळे लावून ठेवलेत.

दुकानात मी बसले असताना एक जण ७८६ नंबरची नोट घेऊन आला, दुसरा वाघ असलेली दोन रुपयाची, दोघांना मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं की लाखो रुपये मिळतात. मामांनी दोघांना खरं काय ते सांगितलं, वाघाची दोनची नोट चांगली असली तर थोडेफार पैसे येतात, लाख वगैरे काही नाही. हे फसवणारे लोक आधी रजिस्ट्रेशन, कमिशन, टॅक्स म्हणून पैसे मागतात आणि रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. बँकेनं ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाकडनं फी घेत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आवर्जून सांगा, त्यांच्याकडंच जुन्या नोटा असतात आणि फोन पण त्यांनाच येतात. आणि २०१६ ला बाद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा हौस म्हणून साठवत असाल तर २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. अशी एक गड्डी एक जण विकायला घेऊन आला तर मामांनी तिला हात सुद्धा लावला नाही, बरोबर केलं.

साठवणुकीला दोन मार्क का दिले ते पुरं सांगते. पाकिटाचं झालंच, पण नोटा ज्या अल्बममधे आहेत ते प्लास्टिक पण वाईट आहे. मऊ, चिकट, नवीन रेक्झिनसारखा वास येणारं, म्हणजे पीव्हीसी, त्यातनं काही वर्षांनी तेलकट थर सुटतो आणि नोट त्याला चिकटते. शिवाय प्रत्येक ड्रॉवरमधे डांबर गोळ्या. कसर लागू नये म्हणून टाकतात हे मला कळतं, पण त्या वाफेनं प्लास्टिक अजून खराब होतं. मी घरी पॉलिएस्टरच्या कडक पारदर्शक पाकिटात एकेक नोट ठेवते, ते न वास येणारं आणि दाबल्यावर कडकड वाजणारं असतं, ते पाकीट जाड कागदाच्या फाइलमधे, फाइल लाकडी कपाटात भिंतीपासून लांब. पत्र्याखाली किंवा पत्र्याच्या ट्रंकेत नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत भट्टी होते. लॅमिनेशन तर कधीच नको, लॅमिनेट केलेली नोट संग्रहाच्या कामाची राहत नाही. चामड्याचं पाकीट वेगळं, आत पांढरा साधा कागद हलका भरून, घडी पूर्ण न मिटता, सुती कापडात. मी पॉलिएस्टरची थोडी पाकिटं मामांना नेऊन दिली, देशमुखांच्या सहीच्या उरलेल्या दोन नोटा त्यांनी माझ्यासमोर त्यात घातल्या, बाकीचा माल पण तसाच हलवला तर मी हा दोनचा आकडा आनंदानं बदलेन.

पाकीट मला अठराशेला पडलं. मागितले होते अडीच हजार. भाव करताना त्यांना राग येत नाही, पण उगाच निम्म्यावर येऊ नका, वस्तूतला खरा दोष दाखवा आणि त्यावर बोला, ते ऐकतात. यूपीआय चालतं. बिल हातानं लिहून देतात, त्यावर नोटेचा नंबर आणि प्रीफिक्स, म्हणजे नंबरच्या आधीची अक्षरं, लिहून घ्या, पुढं विकायची किंवा बदलायची वेळ आली तर उपयोगी पडतं. एकदा घेतलेली वस्तू परत घेत नाहीत पण नोट नकली निघाली तर पैसे परत, असं त्यांनी माझ्या बिलावर लिहून दिलं.

गाडी बोळात नेऊ नका, चालत जा. संध्याकाळी सराफ कट्ट्याला गर्दी असते आणि मामांना पण गिऱ्हाईक असतं, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर निवांत बघायला मिळतं आणि बोळात ऊन पण तिरकं येतं, त्या उजेडात वॉटरमार्क लॅम्पपेक्षा छान दिसतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बाहेरगावचे लोक येतात, तेव्हा भाव चढे असतात. मी शेवटची गेले तेव्हा निजामाची एक पाच रुपयाची नोट, फसली तारीख स्पष्ट असलेली, आणि माझ्यासारखंच पण काळ्या चामड्याचं एक पाकीट शिल्लक होतं, पाकिटाच्या आतली बाजू मी रुमालानं पुसून बघितलीये, लाल पावडर नाही.